सुतारमामांच्या चौकटीवरचा कागद

मी काही लिहावं एवढी माझी योग्यता नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अजून बी.ए. झालेलो नाही. पण जी चूक सांगायची आहे ती माझ्या शिकण्यातूनच झाली. ती दुसरं कोण लिहिणार? वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला, आमच्या घराला लागून एका सुताराचं अंगण होतं. मी त्यांना मामा म्हणे. मोडकी बैलगाडी रस्त्यावरून थेट अंगणात यायची, चाक उतरायचं, नवे आरे बसायचे. पुढे जवळच कारखाना उभा राहिला, रस्ता रुंद झाला आणि कामगारांना चालायला अंगणापुढून दगडी कडेचा फूटपाथ आला.

मग एका सकाळी सरकारी शिपाई इंग्रजीतला एक कागद मामांना देऊन गेला. तो घेऊन ते आमच्या दारात आले, मागे दोन-तीन गाडीवान. मी पुस्तकं काखेत धरून पुण्याची गाडी गाठायला निघालो होतो.

“कालिजात जातूस न्हवं? वाच की.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मला ते आवडलं, हे कबूल करतो. मी वाचून सांगितलं, “फूटपाथवर कसलंही वाहन चढवायचं नाही. बैलगाडीसुद्धा.”

“आन् अंगणात कसं यायाचं?”

“तसं काही लिहिलेलं नाही, मामा.”

“मामा, आता चाकं राहू द्या, गाडीला पाय बशिवा,” एक गाडीवान म्हणाला. “मंजी चालत यील आत!”

सगळे हसले. मामाही हसले. मी स्टेशनाकडे पळालो.

संध्याकाळी आलो तर मामांनी तो कागद खळ लावून दाराच्या चौकटीला चिकटवला होता. गाडी आत घेण्यासाठी कुणी हुज्जत घातली की मामा त्यावर बोट ठेवायचे. “शिकल्याल्या पोरानं वाचलंय.”

मामा हत्यारं उचलून रस्त्याच्या कडेला बसू लागले. मागून ट्रक भोंगे वाजवायचे, बैल बुजायचे. हळूहळू गाड्या भोसरीच्या सुताराकडे वळल्या. दीड वर्षानं मामांनी दाराला कुलूप लावलं आणि ते चाकणकडे लेकीच्या गावी गेले. जाताना मला म्हणाले, “शिक्षान सोडू नगंस.”

पुढच्या पावसाळ्यात भिजून तो कागद चौकटीवरून सुटला. उचलला, तर मागच्या बाजूलाही छापलेलं होतं. स्वतःच्या अंगणात जायला वाहन फूटपाथ ओलांडून सरळ आत नेता येईल. चालणाऱ्यांना आधी जाऊ द्यावं. अर्ज केल्यास कडेला उतार करून मिळेल. मी ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं. त्या सकाळी मी कागद उलटलाच नव्हता.

मामांना पोस्टकार्ड लिहिलं. सगळं लिहिलं, क्षमा मागितली, परत या म्हटलं. महिने गेले, उत्तर नाही.

परवा चाकणच्या बाजारावरून येणारा एक गाडीवान आमच्या दारात थांबला. म्हणाला, “कारड पोचलं बरं का. जावयानं वाचून दावलं. तर मामा म्हनलं, उलटून बघ, मागं काय लिवलंय का.”

“आणि?”

“आनि काय? हसलं. येत न्हाईत ते. वाकस, पटाशी, समदी हत्यारं दिवाळीतच दुसऱ्याला दिऊन टाकली.”