पळसाच्या पानावरचा भात

दादांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मला आमच्या ईट गावच्या स्टँडवर सोडायला आले. तात्या म्हणजे दादांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. माझी पिशवी त्यांनी स्वतः गाडीत ठेवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले.

"पोरी, जित्या माणसाला दिलेला शब्द असता तर मागंपुढं झालं असतं," ते म्हणाले. "ह्यो गेलेल्याला दिलाय तू. दिगूला नीट समजावून सांग."

"व्हय तात्या," मी म्हणाले. पुण्यात माझ्या तोंडी 'व्हय' येत नाही. तिथं आपसूक आलं.

बावीस वर्षांपूर्वी याच स्टँडवरून मी पहिल्यांदा निघाले, तेव्हा दादा आले होते. ग्रंथपालनाच्या अभ्यासाला मुलगी पुण्याला पाठवायची, हे त्यांना पटलं नव्हतं. अडवलंही नव्हतं. "पुस्तकं राखायचं शिकायला कालिज लागतंय व्हय?" एवढंच म्हणाले आणि गाडी सुटेपर्यंत धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले. त्या दिवशी मी माझ्यापुरती निघाले होते. या वेळी मी धाकट्या भावाच्या आयुष्याचा निर्णय सोबत घेऊन निघाले होते, आणि तो त्याला न विचारता घेतला होता.

दहाव्याला नदीवर काय झालं ते गावाला ठाऊक आहे. माझ्यासारखी जी माणसं गाव सोडून आली, त्यांच्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. पिंड ठेवला की कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजतात. मग घरातली माणसं एकेक करून पुढं होतात, हात जोडतात आणि त्याला मोठ्यानं सांगतात की अमुक करू, तमुक करू, तुम्ही काळजी करू नका.

त्या दिवशी कावळे बाभळीवर बसून होते. खाली येत नव्हते. दिगू, माझा एकुलता एक भाऊ, डोकं भादरलेला, ओल्या पंचात पिंडासमोर उभा होता. तात्या म्हणाले, "दादा, वैनीला काय कमी पडू देत न्हाय." कावळे हलले नाहीत. "खव्याची भट्टी बंद पडू देत न्हाय." तरीही नाही. ऊन चढलं. वाळू पायांना भाजायला लागली. तात्यांनी दिगूकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. दिगू मान खाली घालून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही.

ती शांतता मला सोसली नाही. मी पुढं झाले आणि म्हणाले, "दादा, दिगू गावाकडं येतोय. भट्टी तोच बघंल. मी आणते त्याला."

कावळा आला. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, ह्याच्यासाठीच अडून बसला व्हता म्हातारा."

कावळा माझ्या शब्दानं आला की भुकेनं, ते मला सांगता येणार नाही. मी शिकलेली आहे, तरी सांगता येणार नाही.

दिगू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तो भट्टीशेजारीच वाढला. कढईतलं दूध आटत आलं की त्याचा आवाज बदलतो. तो दिगूला पाठमोरा बसूनही कळायचा. दादांना वाटायचं की हा पोरगा खव्याचं नाव काढणार. तो स्वयंपाकाचं शिकायला पुण्याला आला, दोनचार हॉटेलांत राबला आणि शेवटी एका नव्या जपानी रेस्टॉरंटमध्ये शेफ झाला. "आपल्याकडं भात आजाऱ्याला देत्यात, न्हाईतर पंगतीला," दादा म्हणायचे. "ह्यो पठ्ठ्या जन्मभर भातच वळीत बसणार." हे ते घरात रागानं म्हणायचे आणि पारावर कौतुकानं. डोळ्याच्या ऑपरेशनला ते दोनदा पुण्यात आले होते. दिगूनं दोन्ही वेळा जेवायला बोलावलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "पुढच्या खेपेला."

पुण्यात आल्यावर मी दिगूला फोन करत राहिले. त्यानं उचलला नाही. तीन आठवडे वाट बघितली आणि मग कोणतंही गिऱ्हाईक करतं तसं त्याच्या रेस्टॉरंटमध्ये दुपारचं बुकिंग केलं. लांबलचक लाकडी काउंटर, त्याच्यापुढं आठ उंच खुर्च्या, आणि पलीकडं शेफ समोरच उभे राहून करून देतात अशी ती जागा. मी मेन्यू उघडला आणि सवयीनं अनुक्रमणिकेसारखा वाचला. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रश्श्यात ज्वारीच्या शेवया. शेंगदाण्याच्या कुटात घोळवलेलं वांगं. करडईच्या तेलात परतलेली अळंबी. पदार्थांची नावं जपानी होती, पण खालची माहिती वाचताना आमची चूल दिसत होती. यातलं बरंचसं दिगूनं बसवलेलं आहे, हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. नऊ वर्षं एका शहरात राहून मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

काउंटरपलीकडं दिगू आला. टोपीखाली त्याचे केस नुकते उगवायला लागले होते.

"अक्का, बुकिंग करून आलीस?"

"तू फोन उचलत नाहीस. मग काय करावं?"

"तात्यांमुळं फोन उचलायचाच धसका बसलाय. रोज सकाळी सात वाजता त्यांचाच असतोय." त्यानं हात धुतले. "आधी जेव. मग भांड."

मी जेवले. ज्वारीच्या शेवया सुटसुटीत होत्या, एकीचाही तुकडा पडला नव्हता. आईला दाखवायला हव्या होत्या. शेजारी बसलेलं जोडपं प्रत्येक ताटलीचा फोटो काढत होतं. दिगूनं हात खारट पाण्यात बुडवले, ओंजळीत गरम भात घेतला, आत काहीतरी भरलं आणि तीन वेळा हलके दाबून गोळा वळला. वर चिमूटभर काळे तीळ टाकले. पळसाचं पान पुसून त्यावर गोळा ठेवला आणि पान माझ्यापुढं सरकवलं.

मग आम्ही दोघंही थांबलो.

वळलेला भात, काळे तीळ, पळसाचं पान. महिन्याभरापूर्वी याच हातांनी त्यानं नदीवर हेच ठेवलं होतं. पळसाच्या पानाची कल्पना त्याचीच. गावाकडची आठवण म्हणून त्यानं ती दादा असताना आणली होती, आणि त्यानंतर शेकडो माणसांपुढं ते पान ठेवलं होतं. हात सवयीनं चालले होते. समोर मी बसले होते म्हणून त्याला दिसलं.

"हात लावू नको, अक्का," तो पटकन म्हणाला. "दुसरं देतो."

"किती सुंदर प्रेझेंटेशन आहे!" शेजारची बाई म्हणाली. "आम्हालाही हेच द्या ना."

दिगूनं पान ओढून घ्यायला हात पुढं केला. मी पानाची कड धरून ठेवली.

"तू त्या दिवशी बोलून मोकळी झालीस," तो हळू आवाजात म्हणाला. "कावळा आला, तू सुटलीस. मी कुठं सुटलो? मला एकदा विचारायचं तरी व्हतं."

"तू का नाही बोललास?"

"खोटं बोलायचं नव्हतं मला. दादांपुढं तर न्हाईच."

गावभर ज्याला आम्ही हट्टी म्हणालो, तो दहाव्याला नदीवर खरं वागलेला एकटा माणूस होता. खोटं मी बोलले होते. चारचौघांच्या नजरांना भिऊन मी दुसऱ्याच्या नावानं शब्द दिला आणि त्याला वडिलांवरची माया म्हणून मिरवलं.

पिंड जिवंत माणसानं खायचा नसतो. पण माझ्यापुढं माझ्या भावानं माझ्यासाठी वळलेला भात होता, आणि तो मी परत पाठवला असता तर त्याच्या हाताला जन्मभर त्या नदीचं पाणी लागून राहिलं असतं. मी गोळा उचलला आणि खाल्ला. आत अंबाडीची भाजी होती, लसणात परतलेली, जीभ आवळून धरणारी आंबट. मी शेवटचा दाणासुद्धा पानावर ठेवला नाही. दिगू बघत होता. मग त्यानं तोंड फिरवलं आणि आधीच स्वच्छ असलेली सुरी पुसत बसला.

"मी तुला न्यायला आले होते," मी म्हणाले. "नेणार नाही."

"मग दादांना काय सांगशील?"

"जे आहे ते. शब्द माझा होता, मी मोडला. काही लागायचं असेल तर मला लागू दे."

"आणि तात्यांना?" महिन्याभरात पहिल्यांदा तो हसला. "दादा परवडले, अक्का. तात्यांना सांगून दाखव."

त्या दुपारनंतर मी रोज थोडं थोडं हे लिहिते आहे. लिहून झालं की पाठवून द्यावं, तात्यांनी आईला मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि आपण इथं ग्रंथालयात बसून राहावं, असा माझा बेत होता. शब्द जिथं दिला तिथं जायलाच नको. पण लिहिता लिहिता कळलं की हेही नदीवरच्यासारखंच झालं असतं. बोलून मोकळं व्हायचं आणि पुढचं इतरांनी सोसायचं.

आणखी एक गोष्ट लिहितानाच ध्यानात आली. भट्टीचं काय करायचं, कुणी बघायची, हे आम्ही सगळे ठरवत होतो. कढईपाशी दादांच्या बरोबरीनं आयुष्य काढलेल्या आईला कुणीच विचारलं नाही. ती त्या दिवशी स्टँडवर आली नाही. ती का आली नाही, हेही मी विचारलेलं नाही.

पुण्यात मी चार घरं बदलली. प्रत्येक वेळी किल्ली दिली आणि निघाले, कुणाला तोंड दाखवायला परत जावं लागलं नाही. दिलेला शब्द मोडला तर समोर उभं राहून सांगावं लागेल अशी जागा मला अजून एकच आहे. घर कशाला म्हणायचं, याचं मला आज तरी एवढंच उत्तर येतं.

तात्या, आई, हे कागद मी पोस्टात टाकणार नाही. घेऊन येते. ओट्यावर बसून मीच वाचून दाखवीन, आणि तुम्हाला बोलायचं ते बोलून होईपर्यंत उठणार नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं येते. एकटीच.