शेवटचे सोळा ठोके

आमच्या पेठेतला बँड वर्षभर वरातीत वाजवतो आणि वर्षातून एकदा खुर्च्यांवर बसून तासाभराचा कार्यक्रम करतो. मी त्यात क्लॅरिनेट वाजवतो. नोकरी मोजणी खात्यात. यंदा त्या कार्यक्रमासाठी मी पहिल्यांदाच स्वतः एक रचना केली.

ती चालताना केली. रविवारी सकाळी मी जोतिबाच्या डोंगराची पायवाट चढतो. चढताना एक सुरावट गुणगुणायचो आणि एका दमात किती पावलं होतात ते वहीत लिहायचो. खाली उसाच्या फडांमधून सोळा, चढ लागला की बारा, खड्या चढावर आठ. रचनेतल्या ओळींची लांबी तीच ठेवली, एका पावलाला एक ठोका. वरच्या सपाटीवर पुन्हा सोळा ठोक्यांचा एकच सूर. तो मी युफोनियमला दिला, बाकीच्यांनी खालून हलकी साथ धरायची.

युफोनियम म्हणजे मांडीवर घेऊन फुंकायचं मोठं पितळी वाद्य. आमच्याकडे ते चाचा वाजवतात. वय सदुसष्ट, घरात तिसरी पिढी बँडवाली. पहिल्या सरावात त्यांचा शेवटचा सूर नवव्या ठोक्याला तुटला, दुसऱ्या सरावात दहाव्या.

"साहेब," चाचा म्हणाले, "डोंगूर तुम्ही चढला आन् दम माझा काढला व्हय?"

सगळे हसले. बँडमास्तर हसले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितलं, "आणि एकदा बघतो. न्हाय जमलं तर पेठ वडगावचा माणूस आणतो. चाचांनी झांजा घ्याव्यात."

मी सूर बारा ठोक्यांचा करायला निघालो. चाचांना ते कळलं.

"एक ठोका कापायचा न्हाय. माझ्यापायी कापला म्हणून पेठेत हसतील की. त्यापरास झांजा बऱ्या."

पुढच्या रविवारी मी वही घेऊन पुन्हा चढलो. वर पोहोचल्याबरोबर तो सूर गुणगुणून पाहिला. नऊ पावलांत संपला. सोळा भरले होते ते दगडावर बसून दहा मिनिटं दम खाल्ल्यावर. ती दहा मिनिटं मी वहीत लिहिली नव्हती, म्हणून रचनेतही आली नव्हती. वाजवणारा मात्र खडा चढ संपवून थेट त्या सुरावर येत होता.

शेवटच्या सुराआधी मी चोवीस ठोके वाढवले. त्यात फक्त साइड ड्रम, हलक्या हाताने. बाकी सगळे गप्प.

तिसऱ्या सरावात चाचा पंधरापर्यंत गेले. मास्तरांनी हात तिथेच खाली घेतला आणि बँड थांबला.

"सोळा आहेत," मी म्हणालो.

"मोजतंय कोण?" मास्तर म्हणाले. "चाचा वाजवतील. पंधराला थांबायचं."

चाचा रुमालाने वाद्याचं तोंड पुसत बसले.

कार्यक्रमाच्या दिवशी साइड ड्रमचे चोवीस ठोके झाले आणि चाचांनी सूर लावला. मी माझा सूर वाजवत ठोके मोजत होतो. पंधराव्याला मास्तरांचा हात खाली आला. सगळ्यांनी वाजवणं थांबवलं, चाचांनी थांबवलं नाही. आणखी एक ठोका युफोनियम एकटं वाजलं आणि मग थांबलं. मास्तरांनी चाचांकडे पाहिलं. चाचा समोरच्या स्वरलिपीच्या कागदाकडे पाहत होते.

घरी आल्यावर वहीत नोंद केली: बँड पंधरा, चाचा सोळा.