सासऱ्यांच्या कॅमेऱ्यातलं हसू

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून सासऱ्यांचा कॅमेरा खाली आला आणि त्याच्या पोटात अर्धाच वापरलेला रोल निघाला. सासरे फॅक्टरीतले, शिस्तीचे. रोल पूर्ण संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. कायदा पाळता पाळता ते गेले, रोल आत राहिला.

नेपियर टाउनात एक म्हातारा स्टुडिओवाला अजून रोल धुतो. "साहब, गारंटी नहीं है," तो म्हणाला. "कुछ निकला तो हमारा हुनर, न निकला तो आपका रोल."

बहुतेक रोलवर नुसतं धुकं होतं. एकच फोटो स्वच्छ निघाला. माझी बायको, लग्नाआधीची. आणि ती हसत होती! मान मागे टाकून, तोंडावर हात न्यायचंही राहून गेलेलं, डोळे थेट कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे.

साडी मी काठावरून ओळखली. ह्याच साडीतला तिचा फोटो आमच्या घरी स्थळ म्हणून आला होता. त्यात मान ताठ, ओठ शिवलेले, रेशनकार्डावर शोभावा असा चेहरा. म्हणजे साडी तीच, दिवसही बहुधा तोच, आणि ताठ मान माझ्याकडे पाठवून हसू मात्र दुसऱ्याच कुणाला दिलेलं!

माझं दुःख समजून घ्या. मी गप्पांचा माणूस. रिछाईच्या कारखान्यांत लोक माझे किस्से ऐकताना चहा गार करतात. आणि ही बाई माझ्या हुकमी किश्श्यावर "अच्छा" म्हणते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजते. इतक्या वर्षांच्या संसारात असं हसू मी एकदाही कमावलं नव्हतं.

घरी येऊन फोटो तिच्या पोळपाटाशेजारी ठेवला, पोलीस पुरावा ठेवतात तसा.

"कोणी काढला?"

"अगंबाई!" तिने पिठाचे हात पदराला पुसले. "बाबांनी."

"बाबांनी? त्यांच्यासमोर तर मी अजून स्वप्नातसुद्धा उठून उभा राहतो. खरं सांग."

"काहून असे ओरडून राहिले तुम्ही? बाबांनीच. स्टुडिओचा खर्च कशाला, म्हणून स्थळासाठी अंगणात फोटो काढून राहिले होते. मी आपली काठीसारखी उभी. मग त्यांनी खिशातून एका स्थळाचा फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या वर धरला."

माझ्या छातीत एकदम पणत्या लागल्या. "माझा?"

"तुमचा कुठला! तुमचं स्थळ तर नंतर आलं. तो रेल्वेतला होता. स्टुडिओत फोनचा चोंगा कानाला लावून बसलेला, इतका गंभीर, जसा काही दिल्लीहून फोन आला. आणि टेबलावर फोनची वायर लोंबकळत होती, कुठेच न लावलेली! बाबा म्हणाले, 'हॅलो, मुलगी हजर आहे, बोला!'"

आणि ती हसली. तस्सं. मान मागे टाकून, लाटणं हातात धरून. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांदेखत, त्या रेल्वेवाल्यासाठी.

"आई दारातून बघून राहिली होती. हसतानाचा फोटो पाठवायचा नाही म्हणाली, म्हणून रोल धुवायची घाईच उरली नाही. हसरी मुलगी म्हणजे आगाऊ, असं लोक म्हणतील म्हणे. दुसऱ्या दिवशी मला स्टुडिओत नेलं."

"आणि माझा फोटो आला तेव्हा?" मी विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"तुमचा?" तिने आठवून पाहिलं. "बाबा म्हणाले, मुलगा बरा दिसतो."

बरा! मी जेवलो नाही. खरं तर दोनच पोळ्या कमी खाल्ल्या. तो माणूस आता कुठे असेल, टक्कल पडलं असेल का, नातवंडं असतील का, कोण जाणे. तिला कधी भेटला नाही, एक शब्द बोलला नाही आणि बाजी मारून गेला.

ती भांडी आवरत होती तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो, मोबाईल कानाला लावला, हनुवटी वर केली आणि अत्यंत गंभीर चेहरा केला.

तिने वळून पाहिलं.

"कोणाचा फोन आहे? ताईंचा असेल तर मला द्या."