या खोक्यात आंबे नाहीत

लवू धाकू मांडवकर हातात आलेली कुठलीही वस्तू आधी कानाशी धरून हलवतो. लग्नात सासऱ्याने घड्याळ दिलं, तर गड्याने भर मांडवात डबा कानाशी नेऊन खुळखुळवला. सासरा बिचारा चार दिवस जेवला नाही म्हणतात. नारळ सगळेच हलवतात हो, पण लवू साबणाची वडी हलवतो, औषधाची बाटली हलवतो. तो राहतो त्या पेणकरपाड्यात शेजारणीने एकदा कौतुकाने तान्हं बाळ हातात दिलं, ते अर्ध्या वाटेपर्यंत कानाकडे गेलं होतं. शेजारणीने झडप घालून परत घेतलं, नाहीतर पुढे काय झालं असतं देव जाणे.

ही खोड बापाची. धाकू रत्नागिरीकडे आंब्याच्या पेट्या भरायचा. तळाला भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा, गुडघ्याने दाब द्यायचा आणि वर फळी ठोकायची. मग पेटीला कान लावायचा नि दोन्ही हातांनी ती हलवायची. आत काही सरकलं तर पेटी बोलली. बोललेली पेटी धाकू परत उघडायला लावायचा, आणि जो भरणारा असेल त्याच्या टाळक्यावर हातोडीच्या दांड्याने हळूच टकटक करून कान लावायचा. "हे पण रिकामंच हाय," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायचा. लवूने ही टकटक इतकी खाल्ली की पुढे त्याच्या पेट्या मुक्या झाल्या त्या कायमच्या.

आता लवूला सत्तावन्नावं चालू आहे. घोडबंदरच्या वाटेवर हायवेला लागून एक गोदाम आहे, लोकांनी मोबाईलवरून मागवलेला माल तिथून घरोघर जातो. तिथे पॅकिंगची बारा टेबलं. एक नंबरचं टेबल लवूचं, म्हणजे काच, चिनीमाती, आरसे, लोणच्याच्या बरण्या, सगळा रडका माल त्याच्याकडे. सहा वर्षांत त्याच्या टेबलावरची एक वस्तू फुटून परत आलेली नाही. कंत्राट दर जूनला नवं होतं, आणि ते टेबल बघून होतं. टेबल गेलं की माणूस गेटाबाहेर, आणि या वयात दुसरं गोदाम कोण उघडून ठेवतंय?

टेबलापुढे एक स्क्रीन असते. कुठल्या वस्तूला कुठल्या नंबरचं खोकं, हे ती सांगते. एकदा चहाची गाळणी आली. स्क्रीन म्हणाली, खोकं नंबर आठ. आता आठ नंबरच्या खोक्यात शेळी बसते, आणि तिचं करडूही पाय पसरून बसतं.

"साहेब," लवूने मॅनेजर जितेंद्रला हाक मारली, "गाळणी हाय ही. चहाची."

"मग?"

"मग हिला एवढा बंगला कशाला?"

"काका, सिस्टीम जे बोलेल ते करायचं. सिस्टीम बेंगलोरला बनली आहे."

"थयसर बेंगलोरात चहा मोठी भांडी घेऊन पितात काय?"

जितेंद्र हसला नाही. त्याला हसायला वरून परवानगी लागते. लवूने गाळणीला बंगल्यात बसवलं, भोवती तीन हात फुगेवालं प्लास्टिक कोंबलं, कारण त्याशिवाय पेटी बोलणं थांबेना. गाळणी फुटत नाही, हे सांगण्यात अर्थ नव्हता.

अशी सहा वर्षं गेली आणि मग सरकारचा नवा नियम आला. वेष्टन कमी करा, प्लास्टिक कमी करा, बाजारात किती सोडलंत आणि किती गोळा केलंत ते दाखवा. नियम चांगलाच होता. लवूला तर वाटलं, धाकूच मंत्रालयात जाऊन बसला की काय! पण नियम वरून निघाला आणि खाली येईपर्यंत त्याचं जे झालं ते ऐका.

आधी गोदामाच्या तोंडावर वीस फुटी बॅनर लागला. 'आमचं गोदाम, प्लास्टिकमुक्त गोदाम.' बॅनर फ्लेक्सचा होता. तो ज्या नळकांड्यातून आला ते प्लास्टिकचं होतं, आणि नळकांड्याला बाहेरून फुगेवालं प्लास्टिक होतं. मग सभा झाली. प्रत्येकाला एक कापडी पिशवी मिळाली, ती चकचकीत प्लास्टिकच्या पिशवीत. तुळशीचं रोप मिळालं, त्याच्या कुंडीलाही प्लास्टिकचं झबलं. सगळ्यांनी झबली काढून गोदामाच्या मागे टाकली आणि निसर्ग वाचवायची शपथ घेतली. लवूने कुंडी कानाशी धरून हलवली. माती सैल भरली होती.

सोमवारी सकाळी तो टेबलावर आला, तर फुगेवाल्या प्लास्टिकची सगळी भेंडोळी गायब. त्याच्या जागी कागद येणार होता. तो अजून यायचा होता.

"आणि बरण्या?" लवूने विचारलं. समोर चिनीमातीच्या चाळीस बरण्या रांगेत उभ्या होत्या. उन्हाळा, लोणच्याचे दिवस.

"मॅनेज करा ना काका." जितेंद्रने घाम पुसला. "पुढच्या बुधवारी हेड ऑफिसवरून प्रणयसर येतायत. पर्यावरण तेच बघतात. तोपर्यंत ब्रेकेज झिरो पाहिजे आणि प्लास्टिक झिरो पाहिजे. एक जरी बरणी फुटली ना, तर तुमचं टेबल मी नाही वाचवू शकत. आत्ताच सांगून ठेवतोय."

"कागद नाय, प्लास्टिक नाय. मग आत काय घालू, माझा सदरा?"

"काही पण घाला. फक्त प्लास्टिक नको."

काही पण घाला! हे तीन शब्द साहेबाने असे मोकळे सोडायला नको होते.

त्या संध्याकाळी लवू मेहुणीकडे नवघरला गेला होता. रस्त्यावर ईश्वर नावाचा फळवाला आंब्याच्या पेट्या रिकाम्या करत होता, आणि त्याच्या पायाशी पेंढ्याचा हा एवढा ढीग. लवूचे पाय तिथेच रुतले. त्या वासाने क्षणभर त्याला टाळक्यावर टकटक झाल्यासारखं वाटलं.

"चाचा, आम लोगे?"

"आम रहने दो. ये घास का क्या करेगा?"

"फेकूँगा. कचरा ही तो है."

"मत फेक. रोज आऊंगा मैं."

ईश्वरने त्याच्याकडे असं बघितलं, जसं माणूस पूर्ण शुद्धीत आहे का हे बघतात. लवूने तीन पोती भरली आणि रिक्षात टाकली. रिक्षावाला वाटभर विचारत होता, म्हैस कुठे बांधली आहे?

मग काय विचारता! आठ दिवस लवू पंचविशीतला झाला. तळाला पेंढा, मध्ये बरणी, भोवती पेंढा, गुडघ्याने दाब, कानाशी खोकं. मुकं. पुढचं. स्क्रीन आठ नंबर म्हणाली की तो आठ नंबरची नोंद करायचा आणि तीन नंबरचं खोकं घ्यायचा. सहा वर्षं स्क्रीनने त्याला वेड्यात काढलं होतं, आता आठ दिवस त्याने तिला काढलं. चाळीस बरण्या गेल्या, कपबश्या गेल्या, आरसे गेले. एकही वस्तू फुटली नाही.

आणि बुधवारी, प्रणयसर गोदामात पाय ठेवतात न ठेवतात तोच, तक्रारी घेणारी चांदणी हातात कागद घेऊन धावत आली. आठ दिवसांत त्रेसष्ट तक्रारी, सगळ्या एक नंबरच्या टेबलाच्या.

"किती फुटलं?" जितेंद्रचा चेहरा पांढरा.

"फुटलं काहीच नाही सर." चांदणीने वाचायला सुरुवात केली. "'बरणी मिळाली, आंबे गायब.' 'खोकं उघडल्यावर घरभर हापूसचा वास आला, आत आरसा निघाला, मुलं रडली.' 'डिलिव्हरीवाल्याने आंबे काढून घेतले, पोलिसात जाणार.' 'अर्धा तास पेंढा उपसला, तळाला पोचलो, ही फसवणूक आहे, एक तारा.'"

लवूला घाम फुटला. खरंच की! मे महिना, पेंढा आणि वरून हापूसचा वास. कोकणातला काय नि भाईंदरचा काय, माणूस तळापर्यंत हात घातल्याशिवाय राहील कसा? बरणी सुखरूप पोचवायच्या नादात ही साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नव्हती.

"पेंढा?" प्रणयसरांनी चष्मा वर केला. ते तिशीचे, गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली. "गोदामात गवत आणलं कोणी?"

"याने सर. मी प्लास्टिक नको एवढंच बोललो होतो," जितेंद्र म्हणाला आणि लवूपासून दोन पावलं लांब सरकला.

तेवढ्यात गेटवर आरडाओरडा झाला. नवघरचे रामनाथ पाटील, जुने जमीनवाले, स्वतः रिक्षा करून आले होते. पोटाशी खोकं.

"कोनी भरलाय हा खोका?"

लवू पुढे झाला. आता लपून काय उपयोग?

"कपबशा सहाच्या सहा धड हायत. त्याची तक्रार न्हाय," पाटील गरजले. "पन आंबं कुठं हायत?"

"काका, तुम्ही आंबे मागवलेच नव्हते," चांदणी म्हणाली.

"मंग पेंडा कशाला घातलाव? आमची भातशेती होती पोरी, मिठागर होता. मला पेंडा शिकवू नको. पेंडा दिसला म्हंजे खाली आंबा आसलाच पायजे!"

"फुटू नये म्हणून घातला हो पाटील," लवू हळूच म्हणाला. "बाकी माझ्याजवळ काय नव्हतं."

पाटलांनी त्याला नीट बघितलं. आवाज उतरला. "भरलाय मातर झकास. मागल्या खेपेला तुमच्याच कंपनीच्या दुसऱ्या गोदामातून सहा कप आले, तीन धड नि तीन भुगा. प्लास्टिक एवढा आला का घंटागाडीवाला पन न्हेईना. ह्या खेपेला पेंडा खालच्या तबेल्यात दिला, म्हशींनी खाल्ला. टाकायला काय र्‍हायलाच न्हाय."

प्रणयसर एकदम जागे झाले. "म्हणजे कचरा शून्य?"

"म्हशीला विचारा," पाटील म्हणाले.

सर मोबाईलवर भराभर काहीतरी लिहू लागले. लिहिता लिहिता लवूला म्हणाले, "तुम्ही सिस्टीम मोडलीत. खोक्याचे नंबर खोटे टाकलेत. गंभीर गोष्ट आहे. तुम्ही घरी जा. निर्णय घरपोच कळवू."

लवू घरी बसला. घरी बसलेला लवू म्हणजे बायकोला, सुगंधाला शिक्षाच. त्याने मिठाची बरणी हलवली, गॅसचा सिलिंडर हलवला, गणपतीच्या मखराची पेटी माळ्यावरून काढून हलवली.

"अहो, आता मलाच काय ते हलवा एकदा," ती वैतागून म्हणाली.

"टेबल गेला गं."

"गेला तर गेला. नवघरला जाऊन ईश्वरच्या गाडीवर आंबे रचा. तिथे तरी पेंढ्याखाली आंबे असतात."

तिकडे सरांचं लिहिणं वाया गेलं नव्हतं. चांदणीने फोन करून बातमी दिली. 'नैसर्गिक तंतूंची संरक्षक गादी' हा प्रणयसरांचा शोध म्हणून कंपनीत टाळ्या पडल्या. पेंढा आता हेड ऑफिसच पुरवणार होतं. तो पंजाबातून येणार, धुऊन, वास काढून, एकेक किलोच्या सीलबंद प्लास्टिकच्या पिशवीत. आणि प्रत्येक खोक्यावर एक चकचकीत, न फाटणारा, पाण्यात न भिजणारा स्टिकर लागणार, 'या खोक्यात आंबे नाहीत.' स्टिकरची भेंडोळी पोचलीसुद्धा होती. फुगेवाल्या प्लास्टिकमधून.

"आणि माझा काय?" लवूने विचारलं.

"तुमचं माहीत नाही काका. पाकीट निघालंय म्हणे."

नवव्या दिवशी दारात खोकं आलं. नंबर आठ. शेळी आणि करडू. लवूने ते दोन्ही हातांनी उचललं, कानाशी नेलं आणि हलवलं. आत काहीतरी या भिंतीवरून त्या भिंतीवर जाऊन आपटलं.

"काय आहे?" सुगंधा.

"बोलतंय गं. साहेबांनी स्वतः भरलेला दिसतो."

टेप कापला. प्लास्टिक निघालं, मग आणखी प्लास्टिक, मग पुठ्ठा, मग काचेची एक चौकट. काच कोपऱ्यात तडकली होती. आत प्रमाणपत्र. 'श्री. लवू मांडवकर यांनी नैसर्गिक पेंढा भरण्याचं ऑनलाइन प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केलं आहे.' खाली बारीक अक्षरात, की त्यांचं कंत्राट नवं झालं असून त्यांनी एक नंबरच्या टेबलावर सोमवारी हजर व्हावं. प्रशिक्षण कधी झालं हे लवूला माहीत नव्हतं. पण टेबल त्याचंच होतं.

त्याने प्रमाणपत्र पुन्हा वाचलं. मग तडकलेल्या काचेवर बोटाच्या पेराने हळूच टकटक केली आणि कान लावला.

सुगंधा मात्र अजून खोक्यात कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपत होती.

"आंबे नाहीत हो यात," ती म्हणाली.