कूलरमागचं दार

अकोल्याच्या उन्हाळ्यात किसनरावांचा कूलर म्हणजे परीक्षा विभागाचा राजा. विद्यापीठाच्या उपकेंद्रात हेडक्लार्क झाल्यापासून दर चैत्रात ते त्याला मागच्या दारात बसवत. दारावर ‘आपत्कालीन मार्ग’ अशी पाटी होती, पण वारा तिथूनच येई.

यंदा अमरावतीहून बदलून आलेल्या अधिकारी रागिणी मॅडमनी आगीचा सराव घेतला. किसनराव जेवणाचा डबा काखोटीला मारून हसत निघाले आणि आपल्याच कूलरला अडकले.

“काका, हा खिडकीत हलवा.”

“मंग आमी भट्टीत शिजाचं काय? आग कधी लागन ते लागन, ऊन तं रोज लागते.”

मॅडमनी समोर उभं राहून कूलर हलवून घेतला. किसनरावांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

मे महिन्यात भरदुपारी पुढच्या दाराशी मीटरची पेटी पेटली आणि खोली धुरानं भरली. शेजारच्या टेबलावरच्या पार्बताबाईंचे गुडघे दुखरे. किसनरावांनी त्यांचा हात धरून मागचं दार ढकललं. ते सहज उघडलं. सगळे निंबाच्या सावलीत पोचले, तरी किसनरावांना त्या दारात आपला कूलरच उभा दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी ते बरणीभर कैरीचं पन्हं घेऊन मॅडमच्या खोलीत गेले.

“घे पोरी, तुह्या काकूनं केलं.”

“राग गेला वाटतं, काका?”

“राग कायचा? तुह्यामुळंच पन्हं पिऊन राहिलो आमी.”

आता त्या दाराशी कुणी चपला जरी काढल्या, तरी किसनराव स्वतः उठून त्या बाजूला ठेवतात.