नलूआत्याच्या टेबलावर आलेला लाखेचा वास

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कुणी विचारायला नको. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढायचे आणि मी शाळेत असल्यापासून सांगलीच्या स्टँडवर ती वाटायचे. त्यामुळे हे लिहायला वर्ष लागलं...

नलूआत्या ही बाबांची थोरली बहीण. परदेशातल्या भारतीय दूतावासांत ती एकतीस वर्षं असिस्टंट होती. गावाकडं कुणी विचारलं, "तुमी राजदूत व्हता का?" तर हसून सांगायची, "न्हाई ओ, राजदूतांचं टपाल बांधत हुते." आणि खरंच बांधायची. दिल्लीला जाणारी कापडी थैली, सुतळी, मेणबत्तीवर वितळवलेली लाल लाख, वर पितळी शिक्का. उजव्या अंगठ्यावर लाखेच्या चटक्याचा पांढरा डाग कायमचा राहिलेला. सवय एकच - पाकीट बंद करण्याआधी आतलं पत्र ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचं.

बाकी वेळ ती दूतावासाच्या अर्ज घ्यायच्या खिडकीवर असायची. पासपोर्ट मालकानं दाबून ठेवलेले, पगार अडकलेले, तुरुंगात चुकीच्या नावानं नोंदलेले कामगार... त्यांचे कागद तिनं पुरे केले. एकाही समारंभाच्या फोटोत ती नाही. एकोणीस वर्षांची असताना मी तिला तोंडावर "सरकारची कारकून" म्हटलं होतं. ती म्हणाली, "व्हय की, कारकूनच. साहेब तीन वर्षांनी बदलतात गं. खिडकीपुढची रांग तीच असते."

निवृत्तीनंतर ती साताऱ्यात, सदर बझारात दोन खोल्यांत राहिली. ज्यांची माणसं आखातात अडकलीत असे लोक माण-खटावातून तिच्याकडं यायचे. ती गेली, तरी ते येत राहिले. मग तिच्या टेबलाशी मी बसायला लागले, तिची खुर्ची रिकामी ठेवून.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. दुरुस्तीसाठी वीज बंद होती. म्हसवडहून संगीता नावाची बाई आली. तिच्या धाकट्या भावाला, बिरूला, ड्रायव्हर म्हणून नेलं आणि वाळवंटात मेंढ्यांमागं लावलं होतं. पाय मोडून तो एका शेडमध्ये पडलेला. पासपोर्ट मालकाकडं, फोन बंद. शेडवर पाणी पोचवणाऱ्या टँकरवाल्यानं संगीताला त्याचा ठावठिकाणा कळवला होता. तो तिनं एका चिठ्ठीवर लिहून आणलेला.

"आवं ताई, पाय काळा पडलाय म्हन्तोय. काय बी करा, पन लवकर करा."

मी पेटले. तीन पानं हातानं लिहिली. आधुनिक गुलामगिरी, दलालांची टोळी, शासनाची निर्लज्ज उदासीनता... एकेक वाक्य भिंतीवर रंगवावं असं! अर्जाचा फोटो काढून दूतावासाला मेल करायचा आणि मूळ प्रत स्पीड पोस्टानं. मेल लिहून तयार होता, सेंडवर बोट नेलं, तेवढ्यात संगीता म्हणाली -

"ताई, काय जळतंय वं?"

"काही नाही. बाहेरचं असेल."

"हितंच हाय. सोनाराच्या दुकानात लाख तापवत्यात, तसला."

आणि मग मलाही आला. गोडसर, धुरकट, घशाला लागणारा. लहानपणी आत्या सुट्टीवर आली की तिच्या पदराला यायचा तोच. आत्याचं नाव ऐकून आलेल्या संगीतानं तिच्या रिकाम्या खुर्चीला हात जोडले.

"हात कशाला जोडता? वायर जळली असेल."

"वीज कुठाय, ताई?"

मी बोट मागं घेतलं. का कुणास ठाऊक, अर्ज उचलला आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. तिन्ही पानं. संगीतानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लय भारी लिवलंय. पन बिरू कुठं पडलाय, ते कवा येनार?"

आलंच नव्हतं. चिठ्ठी माझ्या चहाच्या बशीखाली होती. तीन पानांची आग, आणि माणसाचा पत्ता नाही!

नवा कागद घेतला. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत शेडचा ठिकाणा, तिसरीत टँकरवाल्याचा नंबर, चौथीत पाय. अर्धं पान झालं. मेल गेला तेव्हा लक्षात आलं, वास थांबलाय.

दुसऱ्या दिवशी दूतावासाची माणसं शेडवर पोचली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर पाय काढावा लागला असता.

शोध घ्यायचा तेवढा घेतला. गॅस बंद होता. खालच्या-वरच्या बिऱ्हाडांत विचारलं, गल्लीत सोनार नाही. टेबलाचे सगळे खण उपसले, लाखेचा तुकडाही नाही. लाख ऑफिसची, शिक्का ऑफिसचा; आत्यानं निवृत्त होताना टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. मी आठवणीनं हळवी झाले म्हणावं, तर वास आधी संगीताला आला, आणि तिनं आत्याला कधी पाहिलंही नव्हतं. बाबांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "कारण असणारच. सापडलं नाही, एवढंच लिही." तेवढंच लिहितेय.

दिवाळीनंतर बिरू लंगडत आला. नवं घोंगडं आणलं होतं. कुणी न सांगता त्यानं ते आत्याच्या खुर्चीवर घातलं. मी अडवलं नाही.

आता प्रत्येक अर्ज मी मोठ्यानं वाचते. तो वास पुन्हा आलेला नाही. अर्ज बरे जमत असावेत.