उजव्या बाजूची जागा

आमच्या मोठेबाबांचा उजवा बैल एवढा थोराड होता, की त्याच्या सावलीत बाभुळगावचा अख्खा बाजार बसला असता आणि वर गाड्या सोडायला जागा उरली असती. त्यानं नाक फुरफुरवलं की शेजारच्या गावातले कंदील विझायचे. हे मी इतक्यांना इतक्या वेळा सांगितलं आहे, की आता मला स्वतःलाही त्यात काही जास्तीचं वाटत नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मूलबाळ नाही. मोठीमाय आणि ती बैलजोडी, एवढाच त्यांचा संसार. दोहोंत जीव कोणावर जास्त, हे मोठीमायनं त्यांना कधी विचारलं नाही. शहाणी बाई.

साठ सालच्या आगेमागे एका उन्हाळ्यात मोठेबाबा पऱ्हाटीची, कापसाच्या वाळल्या काड्यांची, गाडी रिकामी करून निंबाखाली टेकले ते उठलेच नाहीत. त्यांना घरात नेलं, रडारड झाली, माणसं जमली. बैल तसेच जुंपलेले उभे होते. दिवस मावळेपर्यंत त्यांना सोडायचं कोणाला सुचलं नाही.

तेव्हापासून उजव्याचं वैरणीवरचं मन उडालं. पेरण्या आटोपल्या आणि तोही गेला. कोणी म्हणालं दुःखानं, कोणी म्हणालं पोटात काही गेलं असेल. मी दुःखवाल्यांच्या बाजूनं होतो आणि माझा आवाज मोठा होता, म्हणून गावात तेच ठरलं.

मोठीमायनं त्याला उचलून नेऊ दिलं नाही. शेतातच मीठ घालून पुरलं. खड्डा एवढा खोल खणला, की आणखी दोन हात गेलो असतो तर खालून पाताळातल्यांनी ‘अबे, छत गळून राह्यलं’ म्हणून हाका मारल्या असत्या. खणताना हे मी बोललोही. कोणी हसलं नाही.

पुढे मोठेबाबांच्या नावानं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चौथरा बांधायची गोष्ट निघाली. मोठीमाय म्हणाली, “दगडावर बैलही कोरा.”

बाबा म्हणाले, “वहिनी, लोक बैलाच्याच पाया पडतीन. दादा राह्यला बाजूले.”

“मंग दगडच नोका बसवू, भाऊजी. पोळ्यात त्याची जागा तेवढी मोकळी ठेवा. डावा एकटा उभा राहीन, उजवीकडं कोणी नको. मले दुसरं काही नाही पायजे.”

मागणं एवढंसं. पण आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली जोडीनं उभे राहतात, खांद्याला खांदा. रांगेत बैलाएवढी फट पडणं म्हणजे कोणाच्या तरी गोठ्यात फट पडणार, असं लोक धरून चालतात. आमच्या उजवीकडे ज्यांची जोडी उभी राहायची, ते शेजारचे काका घरी येऊन बसले. चहासुद्धा घेतला नाही.

“वहिनी, तुमचं दुःख मले समजते. पण उद्या माह्या बैलाले काही झालं तं?”

दाराआडून मोठीमाय म्हणाली, “होऊ नाही कोणाच्या बैलाले काही.” बस, एवढंच. हट्ट नाही, रडणं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

बाबांनी मधला मार्ग काढला. आर्णीकडच्या माझ्या मामाचा एक बैल पोळ्यापुरता मागून आणला. आणण्याआधी त्याचा रंग पाहिला, शिंगं पाहिली, वशिंड पाहिलं. अहो, मुलगी पाहायला जाताना एवढं पाहत नाहीत. बाजू विचारायची मात्र राहिली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावायचं आणि म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” डाव्याला माझ्या मायनं आवतन दिलं. वर्ष सरलेलं नव्हतं, म्हणून मोठीमाय पुढे आली नाही. पण मागच्या पडवीत जू ठेवलेलं होतं, त्याच्या उजव्या अंगाला ती तूप चोळत बसलेली मी पाहिली. ओठ हलत होते. मी आल्या पावली मागे फिरलो. माझ्यासारखा बोलका माणूस त्या पडवीत काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली पाहुण्याला डाव्याच्या उजवीकडे उभा केला. पाहुणा निघाला डाव्या बाजूचा! जन्मभर जुवाच्या डाव्या अंगाला चाललेला बैल उजवीकडे कसा उभा राहील? तो मागून वळसा घेऊन डावीकडे यायचा, आमचा डावा त्याला रेटायचा, की पुन्हा वळसा. झुली तुडवल्या, बेगड गळली. शेवटच्या वळशात पाहुण्याचं शिंग काकांच्या बैलाच्या डोळ्याजवळून गेलं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

“ने बाप्पा त्याले इथून!” ते ओरडले. “मोकळी ठेवा जागा. फट परवडली.”

पाहुण्याला बाजूला नेला. डावा शांत झाला. त्याच्या उजवीकडे बैलाएवढी माती तेवढी दिसत होती.

झडती म्हणायचं काम गावात माझं. तोरणाखाली उभं राहून यमक जुळवत आपल्या बैलाची फुशारकी आणि दुसऱ्याची टिंगल करायची, मागून सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. दरसाल माझी झडती पार झरीच्या जंगलात ऐकू जायची. त्या दिवशी कशीबशी म्हणालो,

“डावा उभा तोरणात, उजवा निजला शेतात,
दोघाइचं आवतन हाय मोठीमायच्या हातात,
हर बोला...”

मागून आवाज आला तो एकट्या काकांचा. मग हळूहळू बाकीचे मिळाले.

तोरण तुटलं, बैल घराकडे निघाले. दोर माझ्या हातात होता. डावा गल्लीच्या डाव्या कडेनं, भिंतीला अंग घासत चालला. उजवीकडे एका बैलाची वाट सोडून. समोरून येणारी माणसंही त्या रिकाम्या वाटेत पाय न ठेवता थांबली. हे मी वाढवून सांगत नाही.

दारात मायनं पाय धुतले, ओवाळलं आणि सुपात दोन पुरणपोळ्या पुढे केल्या. डाव्यानं एक खाल्ली. दुसरी हुंगली आणि मान वळवली.

बाबा म्हणाले, “भर त्याच्या तोंडात.”

“राहू द्या, भाऊजी,” मोठीमाय आतून म्हणाली. “उजव्याचा वाटा हाय तो.”

सूप उंबऱ्याशी तसंच राहिलं. थोड्या वेळानं मुंग्या लागल्या. आम्ही त्यांच्याकडे पाहत बसलो. सूप कोणी उचललं नाही.